नवीन मशीनचा हप्ता की आठ जॉबचं फिक्स्चर? आधी घड्याळ लावा, मग ठरवा



व्हीएमसी घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या नवउद्योजकांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं. "सर, मशीन दिवसभर चालू असतं, तरी माल वेळेत निघत नाही. दुसरं मशीन घ्यावं का?"

प्रश्न चुकीचा नाही, पण घाईचा आहे. समजा दुसऱ्या मशीनसाठी २० लाखांचं कर्ज घेतलं, ११ टक्के व्याज, मुदत ५ वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ४३,५०० रुपये. काम असो वा नसो, तो जातोच. म्हणून दुसरं मशीन घेण्याआधी पहिलं मशीन खरंच किती वेळ कापतंय, हे बघायला हवं. मशीन चालू असणं वेगळं आणि टूल धातू कापत असणं वेगळं. पार्टी पैसे देते ते कापण्याचे. व्हाइस उघडा, चिप उडवा, जॉब ठेवा, घट्ट करा, दार लावा, याचे पैसे कोणी वेगळे देत नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक जॉब पकडणारं फिक्स्चर. व्हिडिओत फिक्स्चर दाखवता येतं, पण हिशोब नीट मांडता येत नाही. म्हणून आज हिशोब लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या भागात हे का महत्त्वाचं?

बारामती–इंदापूर पट्ट्यात मशीनिंगच्या कामाची दोन टोकं आहेत. एका टोकाला बारामती एमआयडीसीतला पियाजिओचा कारखाना. तिथे तीनचाकी बनते आणि २०१२ पासून व्हेस्पाही. अशा कारखान्यांना एकसारखे भाग हजारोंनी लागतात. ते पुरवणाऱ्यांकडे त्या एकाच भागासाठी वेगळी लाइन असते. दुसऱ्या टोकाला इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. साखर कारखान्यांची यंत्रं, मोठे गिअरबॉक्स, इस्रोच्या रॉकेटसाठी मोटार केसिंग. तिथे एक-एक नग म्हणजे स्वतंत्र प्रकल्प.

छोट्या गाळ्यात काम करणारे आपण या दोघांच्या मधले. आपल्याकडे ऑर्डर येते १००, २००, ४०० नगांची. ती संपते, दोन महिन्यांनी पुन्हा येते. त्यात हंगामाची भर. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, असे साखर कारखाने आपल्या आजूबाजूला आहेत. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. ते संपलं की दुरुस्तीची कामं निघतात आणि पुढच्या गाळपाआधी ती उरकायची असतात. म्हणजे सगळ्यांना माल एकाच वेळी हवा असतो.

अशा कामाला मोठ्या कारखान्यासारखी लाइन परवडत नाही आणि एक-एक जॉब व्हाइसमध्ये पकडून वेळ गाठता येत नाही. मधला मार्ग फिक्स्चरचा.

एक जॉब, एक घड्याळ

उदाहरण घेऊ. १०० × ५० × १६ मिलिमीटरची एमएसची पट्टी. त्यात दोन आरपार होल आणि त्यांना एम-१० चे आटे. टूल चार: स्पॉट ड्रिल, ८.५ चा ड्रिल, चॅम्फर, टॅप. पुढचे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, तुमच्या मशीनवर तुमचे काढा.

एका जॉबचं प्रत्यक्ष कापणं: ४० सेकंद.
चार टूल बदल, प्रत्येकी ८ सेकंद: ३२ सेकंद.
दार उघडणं, चिप धुणं, हवा मारणं, दार लावून बटण दाबणं: ३५ सेकंद.
जॉब काढणं, नवा बसवणं, घट्ट करणं: २५ सेकंद.

एकूण १३२ सेकंद. त्यातले कापण्याचे फक्त ४०. बाकी ९२ सेकंद मशीन चालू आहे, लाइट जळतेय, ऑपरेटर उभा आहे आणि कमाई शून्य.

आता त्या ९२ सेकंदांकडे नीट बघा. टूल बदलाचे ३२ आणि दाराचे ३५ हे प्रत्येक सायकलला एकदाच लागतात, मग आत एक जॉब असो वा आठ. जॉब बसवायचे २५ मात्र प्रत्येक नगाला लागतात. फिक्स्चर करतं ते एवढंच: एकदाच लागणारा वेळ अनेक नगांत वाटून टाकतं. जॉब वाढले की टूलला एका जॉबवरून दुसऱ्यावर जावं लागतं. ती हालचाल दर वेळी दीड सेकंद धरली, तर न कापण्याचा वेळ एका नगामागे असा येतो:

१ जॉब: ९२ सेकंद
२ जॉब: ६२ सेकंद
४ जॉब: ४६ सेकंद
८ जॉब: ३९ सेकंद
१६ जॉब: ३५ सेकंद

यादी पुन्हा वाचा. एकावरून चारावर गेलात तर ४६ सेकंद वाचतात. चारावरून आठावर गेलात तर आणखी फक्त ७. आठावरून सोळावर गेलात तर फक्त ४. टेबलावर जागा आहे म्हणून सोळा जॉबचं फिक्स्चर बनवणं म्हणजे हौस झाली. बहुतेक फायदा पहिल्या चारातच हाती येतो.

सेकंदांचे रुपये करा

मशीनचा रेट तासाला ५०० रुपये धरू. चार जॉबच्या फिक्स्चरने एका नगामागे जवळपास ४६ सेकंद वाचतात, म्हणजे सुमारे ६ रुपये ३५ पैसे. आठच्या फिक्स्चरने ५३ सेकंद, म्हणजे सुमारे ७ रुपये ४० पैसे.

चारचं फिक्स्चर प्लेट, पिना, क्लॅम्प आणि बनवायचा मशीन वेळ धरून १२,००० रुपयांत पडलं असं समजा. ते सुमारे १,९०० नगांत वसूल होतं. ४०० नगांची ऑर्डर असेल तर पाचव्या वेळी. आठचं फिक्स्चर २५,००० रुपयांत पडलं तर वसूल व्हायला ३,४०० च्या आसपास नग लागतात, म्हणजे नववी ऑर्डर.

आता फक्त वरच्या चार जागांचा विचार करा. त्यांच्यासाठी १३,००० रुपये जास्त गेले आणि नगामागे मिळाला जेमतेम एक रुपया. ते १३,००० परत यायला १२,००० च्या वर नग लागतील. एवढी ऑर्डर कागदावर आहे का? नसेल तर चारवर थांबा.

मग आठचं फिक्स्चर कधी करायचं? ऑपरेटरचा वेळ कामाला लावायचा असेल तेव्हा. एक जॉब असताना ऑपरेटरला मोकळे मिळतात ७२ सेकंद. तेवढ्यात धड बरही काढून होत नाही. चार जॉबला साडेतीन मिनिटं मिळतात. आठ जॉबला साडेसहा मिनिटं सलग. साडेसहा मिनिटांत मागच्या आठ नगांची बर काढून होते, गेज लावून होतो किंवा शेजारच्या मशीनवर जॉब चढवून होतो. हा फायदा सेकंदांच्या यादीत दिसत नाही, पण पगाराच्या हिशोबात दिसतो.

वाचलेला तास विकला गेला का?

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

सात तासांच्या निव्वळ शिफ्टमध्ये एक-एक जॉब पकडून साधारण १९० नग निघतात. चारच्या फिक्स्चरने २९२. आठच्या फिक्स्चरने ३२०. ऐकायला छान वाटतं. पण तुमच्याकडे दिवसाला १९० नगांचंच काम असेल, तर फिक्स्चरने काय होईल? मशीन दुपारीच बंद पडून राहील. ऑपरेटरचा पगार तोच, गाळ्याचं भाडं तेच, मशीनचा हप्ता तोच. नगामागे वाचलेले ६ रुपये वहीत दिसतील, गल्ल्यात येणार नाहीत.

वाचलेला तास विकला तरच त्याचे पैसे होतात. म्हणून फिक्स्चर बनवण्याआधी तीन प्रश्न विचारा. मशीनपुढे दुसरं काम रांगेत उभं आहे का? नसेल तर वाढलेला माल घ्यायला पार्टी तयार आहे का, तिच्याकडून होकार मिळालाय का? तेही नसेल तर ओव्हरटाइम किंवा रात्रपाळी बंद करून खरा खर्च कमी होणार आहे का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर आधी ऑर्डर शोधा, फिक्स्चर नंतर.

आणि उत्तर "हो" असेल, तर दुसऱ्या मशीनचा विचार थोडा बाजूला ठेवा. वरच्या उदाहरणात १२,००० रुपयांत उत्पादन दीडपट होतंय. ४३,५०० रुपयांचा हप्ता एका महिन्यात जातो.

आणखी एक बाजू बघा. जॉबचं कापणंच १० मिनिटांचं असेल तर? तिथेही आठच्या फिक्स्चरने वाचणार तेच ५३ सेकंद. पण ६९२ सेकंदांतून ५३ वाचले तर फायदा ८ टक्केही नाही. अशा जॉबला फिक्स्चरच्या आधी टूल, फीड आणि कापण्याची पद्धत सुधारा. कापणं थोडं आणि उचल-ठेव जास्त, अशा जॉबलाच फिक्स्चर शोभतं.

बनवायचं कसं? खालच्या पायरीपासून

पहिल्याच दिवशी मोठी प्लेट कापायला घेऊ नका.

पहिली पायरी: आहे त्या व्हाइसला बाजूला एक पक्का स्टॉपर लावा. एवढ्यानेच दर वेळी जॉबची जागा शोधायचा वेळ वाचतो.

दुसरी पायरी: अॅल्युमिनियमचे सॉफ्ट जॉ बसवून त्यात जॉबच्या मापाचे खाचे मशीनवरच मारा. एका व्हाइसमध्ये दोन जॉब बसतात. दोन व्हाइस शेजारी लावले तर चार झाले. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

तिसरी पायरी: टेबलावर बसणारी फिक्स्चर प्लेट, तिच्यात पिना, रेस्ट पॅड आणि क्लॅम्प.

ज्यांच्याकडे व्हीएमसी नाही, फक्त ड्रिल मशीन आहे, त्यांनीही निराश होऊ नका. कडक केलेले बुश बसवलेली साधी ड्रिल जिग हेच काम करते. मार्किंग आणि सेंटर पंच मारायचा वेळ पूर्ण वाचतो.

प्लेट बनवताना चार गोष्टी पाळा.

जॉब टेकतो कुठे, हे आधी ठरवा. जुना नियम आहे ३-२-१ चा. खाली तीन बिंदू, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. सहा ठिकाणी टेकलेल्या जॉबची जागा नक्की होते. क्लॅम्पचं काम फक्त जॉबला त्या बिंदूंवर दाबून धरण्याचं. जागा ठरवायचं काम क्लॅम्पवर सोडलं की माप रोज बदलतं.

एका क्लॅम्पने दोन जॉब दाबताना सावध राहा. कापून आलेल्या दोन पट्ट्या कधीच अगदी सारख्या नसतात. एक १६.० असेल, शेजारची १५.७. सरळ पट्टीचा क्लॅम्प जाडीला घट्ट दाबेल, पातळ जॉब सैल राहील आणि ड्रिल बाहेर येताना त्याला उचलेल किंवा फिरवेल. क्लॅम्प मध्यावर झुलणारा करा, म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा पडतो. नाहीतर प्रत्येक जॉबला स्वतंत्र क्लॅम्प द्या.

चिपला बाहेर पडायला वाट ठेवा. जॉब पूर्ण प्लेटवर टेकवू नका, उंच रेस्ट पॅडवर टेकवा. कोपऱ्यात खाच मारा. पॅडवर अडकलेली एक बारीक चिप जॉब तिरका करायला पुरते. आरपार ड्रिल असेल तर खाली मोकळी जागा हवीच, नाहीतर पहिल्याच दिवशी प्लेटला भोकं पडतील.

जॉब उलटा बसूच नये अशी एक पिन द्या. आयटीआयतून नुकताच आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात मशीनवर उभा राहणार आहे. उलटा जॉब फिक्स्चरमध्ये बसलाच नाही, तर त्याला ओरडायची वेळ येत नाही.

प्रोग्रॅमचंही सांगतो. एका जॉबवर चारही टूल चालवून मग पुढच्या जॉबवर जायचं, असा प्रोग्रॅम केला तर टूल बदलाचा वेळ काहीच वाचत नाही. एक टूल घ्या, सगळ्या जॉबवर फिरवा, मग दुसरं टूल. प्रत्येक जागेला जी-५४, जी-५५ असा वेगळा ऑफसेट द्या आणि कापण्याचा भाग सबप्रोग्रॅममध्ये ठेवून एम-९८ ने बोलवा. जी-५४ ते जी-५९ असे सहा ऑफसेट सरसकट मिळतात. जास्त जागा असतील तर तुमच्या कंट्रोलरला वाढीव ऑफसेट आहेत का ते बघा. आणि पहिली सायकल चालवताना टूल होल्डर क्लॅम्पच्या नटाला लागत नाही ना, हे टूल उंचावर ठेवून तपासा.

धोकाही आठपट

व्हाइसमध्ये टॅप तुटला तर एक जॉब जातो. फिक्स्चरमध्ये तिसऱ्या जॉबवर ड्रिलचं टोक गेलं आणि कोणाचं लक्ष नसलं, तर पुढचे पाच जॉब त्याच तुटक्या टूलखाली जातात. मधेच लाइट गेली तर आठही जॉब अर्धवट राहतात आणि कोणता कुठपर्यंत झाला हे शोधत बसावं लागतं. मटेरियल पार्टीचं असेल, तर खराब झालेल्या नगांचा हिशोब तुमच्या बिलातून वजा होतो.

म्हणून प्रत्येक जागेवर १ ते ८ नंबर पंच करा. पहिल्या सायकलचे आठही नग मोजा, एक नाही. पाच नंबरची पिन जराशी सरकली असेल, तर दर सायकलला एक नग खराब निघेल आणि बाकीचे सात चांगले दिसत राहतील. ४०० नगांत असे ५० नग होतात. पुढे दर काही सायकलनंतर वेगवेगळ्या नंबरचा नग गेजवर तपासत राहा. आणि ड्रिल, टॅप तुटायची वाट न बघता ठरलेल्या नगांनंतर बदला.

जॉब बाहेर बसवा

जपानच्या शिगेओ शिंगो यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते. तिथल्या लोकांसोबत काम करून त्यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. त्यामागचा विचार साधा होता. मशीन थांबवूनच करावी लागतात ती कामं वेगळी काढा आणि मशीन चालू असताना करता येतात ती सगळी बाहेर करा.

आपल्या फिक्स्चरला हाच विचार लावा. एकसारख्या दोन प्लेट बनवा. एक मशीनवर कापतेय तोवर ऑपरेटर दुसरीवर आठ जॉब बसवतोय. सायकल संपली की प्लेट काढायची, दुसरी पिनांवर टेकवून घट्ट करायची. दार आणि सफाई धरून याला ६० सेकंद धरले, तर आठ नगांची सायकल ६२९ वरून ४५४ सेकंदांवर येते. सात तासांत ३२० ऐवजी ४४० नग.

पण प्लेट उचलायची कोणी? ५०० × ३०० × २५ मिलिमीटरची स्टीलची प्लेट जवळपास ३० किलो भरते, वर जॉब आणि क्लॅम्प वेगळे. दिवसातून पन्नास वेळा ती उचलून माणसाची कंबर जाईल. तीच प्लेट अॅल्युमिनियमची केली तर १० किलोच्या आसपास येते. तिच्यात झिजणाऱ्या जागी स्टीलचे बुश आणि पॅड बसवा.

पैसे कोणाचे, फिक्स्चर कोणाचं?

हे कोटेशन देतानाच लिहून घ्या. एक मार्ग असा, की फिक्स्चरचा खर्च पार्टीकडून वेगळा घ्यायचा. मग फिक्स्चर पार्टीचं, ती उद्या ते उचलून दुसऱ्या गाळ्यात नेऊ शकते. दुसरा मार्ग असा, की खर्च तुम्ही करायचा आणि नगाच्या रेटमध्ये वसूल करायचा. १२,००० रुपये २,००० नगांत वाटले तर नगामागे ६ रुपये. पण मग २,००० नगांची लेखी ऑर्डर हवी, किंवा आधी बंद झाली तर उरलेले पैसे पार्टी देईल असं एक वाक्य हवं. "काम भरपूर आहे, तुम्ही बनवा तर खरं" या शब्दावर प्लेट कापायला घेऊ नका.

आणि वेळ वाचला म्हणून लगेच रेट कमी करू नका. खर्च वसूल होईपर्यंत रेट तोच ठेवा. नंतर पार्टीने कमी मागितला, तर किती सोडायचं हे तुम्हाला सेकंदांत माहीत असेल. समोरच्याला फक्त अंदाज असेल.

उद्या सकाळी एवढंच करा

सगळ्यात जास्त वेळा परत येणारा एक जॉब निवडा. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा आणि सलग दहा नगांची वेळ लिहा. चार रकाने करा: कापणं, टूल बदल, दार आणि सफाई, जॉब काढणं-बसवणं. पहिला रकाना सोडून बाकीच्यांची बेरीज पहिल्यापेक्षा मोठी आली, तर त्या जॉबला फिक्स्चर हवंय. मग मागच्या वर्षीची बिलं काढा आणि तो जॉब वर्षात किती नग आला ते मोजा. फिक्स्चरच्या खर्चाला एका नगामागे वाचणाऱ्या रुपयांनी भागा. येणारा आकडा तुमच्या वर्षाच्या नगांपेक्षा लहान असेल आणि मशीनपुढे काम रांगेत असेल, तर प्लेट आणायला निघा.

आकडा मोठा आला तर? तेही चांगलंच झालं. दहा नगांच्या वेळात कळलं आणि १२,००० रुपये वाचले.